पाबे घाटापलीकडचे पोहे: आमच्या सायकल ग्रुपचं एक प्रकरण

जुलै २०२२ मध्ये आमच्या ग्रुपने साठ जणांची मान्सून राईड काढली आणि त्या एका राईडने जवळजवळ तीन वर्षं जपलेलं एक घर आम्हाला बंद झालं. ते परत कसं उघडलं आणि त्यासाठी आम्हाला काय काय बदलावं लागलं हे एकदा सगळं नीट लिहून काढायचं होतं. आता पुण्यातून दर रविवारी इतके ग्रुप बाहेर पडतात, त्यातल्या कुणाला तरी हे उपयोगी पडेल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की पुढच्याच रविवारी तिथे गर्दी होईल आणि मग या सगळ्याला काही अर्थच उरणार नाही.

रूट मात्र सगळ्यांना माहितीये. पहाटे साडेपाचला राजाराम पुलापाशी जमायचं, सिंहगड रोडने खडकवासला, तिथून पुढे डोणजे, सिंहगडाचा फाटा सोडून सरळ पानशेत रस्त्याने खानापूर. खानापूरला डावीकडे वळलं की रांजणे आणि मग पाबे घाट. हा घाट सिंहगडासारखा नावाजलेला नाही पण चढताना जीव काढतो, सगळ्यात हलक्या गिअरवर सुद्धा मांड्या पेटतात, आणि वर खिंडीत पोचलं की समोर तोरणा आणि राजगड दोन्ही एकदम दिसतात. पलीकडे उतरलं की वेल्हे तालुका, आता राजगड तालुका म्हणतात. तिथून मार्गासनी, नसरापूर, मग हायवे, आणि शिंदेवाडीवरून कात्रजचा जुना बोगदा चढून घरी. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा लूप होतो, ज्यांना नको असतो ते आलेल्या रस्त्याने परत फिरतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही नऊ जण होतो. घाट उतरताना आमच्यातल्या एका मुलाला एकदम अंधारी यायला लागली, सायकलवाले त्याला बोंक म्हणतात, म्हणजे अंगातली साखर संपते आणि माणूस जागच्या जागी ढेपाळतो. रात्री नीट जेवला नव्हता आणि सकाळी नुसत्या चहावर निघाला होता. रस्त्याकडेला एक घर होतं, पडवीत एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. काही न विचारता त्यांनी आधी गूळ आणि पाणी आणून दिलं, मग नाचणीची भाकरी आणि ठेचा, आणि मुलगा माणसात येईपर्यंत कुणालाच उठू दिलं नाही. पैसे देऊ केले तर घेईनात. शेवटी मी म्हटलं, मावशी, पुढच्या महिन्यात आम्ही परत येऊ, तेव्हा पोहे कराल का सगळ्यांना, पण पैसे घ्यावे लागतील. तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

तिथून सुरू झालं. महिन्यातला तिसरा रविवार, नऊ-दहा-बारा जण, पोहे आणि चहा. मला ताई म्हणायला लागल्या, काका सायकली भिंतीला नीट लावून ठेवायचे, त्यांचा मुलगा शिरवळच्या एका कंपनीत कामाला होता, तो सुट्टीला घरी असला की गिअरबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडायचा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. सायकलवर आलेला माणूस आणि गाडीत आलेला माणूस हे दोन वेगळे पाहुणे आहेत. गाडीवाला पुण्यातून निघतो तो थेट गडाच्या पायथ्याला किंवा रिसॉर्टला थांबतो, मधली गावं त्याच्या काचेबाहेरून निघून जातात. सायकलवाला हळू येतो, भुकेला असतो, तहानलेला असतो, पाठीवर काही नेऊ शकत नाही, आणि त्याला थांबावं लागतं ते जिथे सावली आणि पाणी असेल तिथे, म्हणजे नेमकं अशा घरासमोर जिथे एरवी कुणी थांबत नाही. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या सायकल राईडमध्ये, तर हे नियमातच बसवलंय. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात आणि वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठरलेल्या जागी, शिक्का किंवा वेळ छापलेलं बिल घ्यायचं असतं, त्यामुळे पेट्रोल पंपाशेजारचा ढाबा, एखादं छोटं हॉटेल अशा जागा राईडचा भाग होऊन जातात. आमच्या ग्रुपमध्ये दोघे सुपर रँडोनर आहेत, म्हणजे एकाच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही बीआरएम पूर्ण केलेले, ते कायम सांगतात की लांबच्या राईडमध्ये रस्ता कमी लक्षात राहतो आणि रात्री दोन वाजता कुणी चहा करून दिला ते जास्त लक्षात राहतं.

पण सायकलवाल्याचं दुसरंही एक आहे. तो अकरा-बाराला घरी परत जातो. मुक्काम नाही, खरेदी नाही, माणशी पन्नास-साठ रुपये एवढाच खर्च. म्हणजे सायकलिंगने गावात पर्यटन येतं असं आपण उत्साहाने बोलतो तेव्हा त्यातलं गावाच्या हातात किती पडतं हे मोजून बघायला पाहिजे. आम्ही ते मोजलं नव्हतं.

मग २०२० आलं. लॉकडाऊन उठल्यावर सगळ्यांना सायकल पाहिजे होती, जिम बंद, लोकांना मोकळी हवा पाहिजे, दुकानात हायब्रिड सायकलसाठी वेटिंग लागलेलं, ज्याला मिळेल तो मिळेल त्या साइजची उचलत होता. आमचा नऊ जणांचा ग्रुप २०२१ च्या शेवटी व्हॉट्सॲपवर एकशे चाळीसवर गेला. मला याचा मनापासून आनंद झाला होता आणि आजही आहे, पन्नाशीच्या बायका पहिल्यांदा खडकवासल्यापर्यंत जाऊन आल्या आणि रडल्या आनंदाने, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण एकशे चाळीस माणसं झाली की त्यात काहींना इव्हेंट हवा असतो. तसा तो ठरला. जुलै २०२२, मान्सून राईड, रजिस्ट्रेशन माणशी ४९९ रुपये, त्यात टी-शर्ट, मेडल, सोबत टेम्पो, आणि नाश्ता. नाश्ता अर्थात मावशींकडे. साठ जणांनी पैसे भरले.

मी स्वतः मावशींना फोन केला होता, साठ जण येणार म्हणून. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, करू की ताई. ती क्षणभराची शांतता मला तेव्हा कळायला हवी होती.

त्या रविवारी पहाटेपासून धो धो पाऊस. राजाराम पुलापाशी जमलेच चाळीसेक, खडकवासल्यावरून काही परत फिरले, घाटापलीकडे पोचले चौतीस. पोचलेल्यांनी काय केलं तर सायकली रस्त्यात आडव्या लावल्या फोटोसाठी, स्वारगेटवरून आलेली वेल्ह्याची एसटी बराच वेळ खोळंबली आणि ड्रायव्हर खाली उतरून ओरडला. काही जण घरामागच्या खाचरात उतरले, हिरवंगार दिसत होतं म्हणून, आणि ती लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं होती. पुण्यातल्या माणसाला ते गवत वाटतं, त्याला माहितीच नसतं की ते कुणाचं वर्षभराचं पोट आहे. एनर्जी जेलची पाकिटं आणि केळ्याची सालं पडवीत. आणि आम्ही चौदा-पंधरा बायका होतो, एकच संडास, त्यात पाणी बादलीने भरून न्यायचं, काका त्या पावसात विहिरीवरून पाणी आणत होते. निघताना आमच्या हिशोब बघणाऱ्याने चौतीस जणांचे, पन्नास रुपयांप्रमाणे १७०० रुपये दिले आणि सगळे निघालो.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी गेलो तर दाराला कुलूप होतं. सप्टेंबरला काका पडवीत बसलेले होते, म्हणाले, आज काही नाही केलं. तिसऱ्या महिन्यात फोन उचलला नाही. ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं की सोडा, वेल्ह्यात हॉटेलं आहेत. मला मात्र झोप लागेना, म्हणून दिवाळीनंतर एका मंगळवारी रजा टाकून एकटीच गेले, सायकलवर नाही, एसटीने.

मावशी रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. चहा दिला आणि मी विचारल्यावर हिशोब सांगितला, सगळा तोंडपाठ. पाच किलो पोहे, दीड किलो शेंगदाणे, दोन लिटर तेल, दहा लिटर दूध, कांदे-मिरच्या-कोथिंबीर, साखर, चहा पावडर, हे सगळं मिळून साडेसोळाशे. पावसासाठी ताडपत्री भाड्याने आणली तिचे तीनशे. शेजारच्या दोघी मदतीला बोलावल्या, त्यांना तीनशे-तीनशे. साडेपंचवीसशे खर्च आणि हातात आले सतराशे. "उरलेलं पोहं गुरांपुढं टाकलं ताई. आन त्या दोघी दुसऱ्याची लावणी सोडून आल्या व्हत्या, तिथं त्यांना चारशे मिळालं असतं. मी पुन्हा कोणत्या तोंडानं बोलवू त्यांना?" रोपं तुडवल्याचं त्यांनी काढलंच नाही, ते मला काकांकडून कळलं, एका वाफ्याची रोपं कमी पडली म्हणून भावकीतून मागून आणली होती.

परत येताना एसटीत मी दुसरा हिशोब मांडला. साठ गुणिले ४९९ म्हणजे २९,९४०. त्यातले टी-शर्टचे पैसे पुण्यात गेले, मेडल पुण्यातली, बॅनर पुण्यातला, टेम्पो पुण्यातला. गावात गेले सतराशे. घाट त्यांचा, डोंगर त्यांचे, हिरवं दिसणारं शेत त्यांचं, पाणी त्यांच्या विहिरीचं, आणि तीस हजारांतले सतराशे त्यांचे. त्यातही जे सव्वीस जण आलेच नाहीत त्यांचे नाश्त्याचे पैसे आमच्याकडे आधीच जमा होते, ते आम्ही ठेवून घेतले आणि त्यांच्यासाठी केलेल्या पोह्यांचा भुर्दंड मावशींनी सोसला. यात कुणी लबाडी केली नव्हती, आमचा हिशोब बघणारा अतिशय सरळ माणूस आहे, जेवढे खाल्ले तेवढ्यांचे दिले असं त्याच्या मनात होतं. हॉटेलात ते बरोबर आहे. घरात स्वयंपाक सांगितल्यावर ते बरोबर नाही. लग्नाच्या जेवणाची ताटं सांगितली आणि माणसं कमी आली तरी आचारी पूर्ण ताटांचे पैसे घेतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण डोंगरातल्या बाईला ते लागू होतं हे डोक्यात येत नाही.

ग्रुपची बैठक झाली, वादळी झाली. मी दोन्ही हिशोब वाचून दाखवले. एक गट म्हणाला की आपण सायकल चालवायला जातो, समाजसेवा करायला नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं वाटत नाही, पैसे देऊन नाश्ता घेणं ही समाजसेवा नाहीच, तो व्यवहार आहे, फक्त तो व्यवहारासारखा चोख करायला हवा एवढंच मी म्हणत होते. वेगात चालवणाऱ्यांना नाश्त्याचं थांबणंच नको होतं. त्यातले वीसेक जण नंतर वेगळा ग्रुप करून गेले. ते जाणं वाईट वाटलं पण आज मागे वळून बघताना ते बरंच झालं असं म्हणेन, दोन वेगळ्या गरजांची माणसं एका राईडमध्ये कोंबली की कुणाचंच भागत नाही.

ठरलं ते असं. आधी तर राहिलेले साडेआठशे आणि त्या दोघींच्या बुडालेल्या मजुरीतला फरक इव्हेंटच्या शिलकीतून नेऊन दिला, हातात, आणि हिशोब बघणाराच घेऊन गेला. इथून पुढे गुरुवारपर्यंत नावं घ्यायची, शुक्रवारी सगळ्यांचे पैसे मावशींच्या खात्यावर टाकायचे, कुणी आलं नाही तरी ते परत मागायचे नाहीत. एका घरी पंधराच्या वर माणसं न्यायची नाहीत. लावणीच्या दिवसांत, म्हणजे जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्या गावात जायचंच नाही, तेव्हा आम्ही बोपदेव घाट किंवा मुळशीकडे जातो. इव्हेंट बंद, टी-शर्ट बंद, मेडल बंद. स्वीप, म्हणजे सगळ्यात मागून येणारा रायडर, निघण्याआधी अंगण बघून मगच निघेल. आणि टेम्पो नाही, प्रत्येकाने स्वतःची ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर घेऊन यायचं, हे बीआरएमवाल्या दोघांनी लावून धरलं. त्यांचं म्हणणं होतं की टेम्पो सोबत आला की माणूस पुण्याचं पाणी, पुण्याची केळी, सगळं पुण्याचं घेऊन येतो आणि वाटेत कुणाकडे थांबायची गरजच उरत नाही, आणि ते मला पूर्ण पटलं.

संडासाबद्दल वेगळं लिहिते कारण यावर कुणी बोलत नाही. ग्रुप राईडमध्ये बायका का कमी असतात यावर खूप चर्चा होते, सेफ्टी, घरची जबाबदारी, सगळं खरं आहे, पण पहाटे पाचला निघून दुपारी बाराला घरी पोचेपर्यंत जायचं कुठे हा साधा प्रश्न आहे आणि त्यामुळे कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग घाटात त्यांनाच चक्कर येते. आम्ही वर्गणी काढून मावशींच्या संडासावर पाचशे लिटरची टाकी आणि नळ बसवला. ते उपकार म्हणून नाही, आम्ही वापरतो म्हणून. २०२३ पासून आमच्या तिसऱ्या रविवारी तेरा-चौदा जणांत सहा-सात बायका असतात, आधी दोन-तीन असायच्या. मला तरी यामागे त्या टाकीइतकं मोठं दुसरं कारण दिसत नाही.

मावशी लगेच तयार झाल्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये आठच जणांना या म्हणाल्या. सात जण पोचले, आठांचे पैसे आधीच गेलेले होते, आठवी ताटली त्यांनी शेजारच्या मुलाला दिली. पुढच्या महिन्यात स्वतःहून विचारलं, किती येताय?

२०२४ च्या थंडीत मुक्कामाची राईड सुरू केली. शनिवारी दुपारी निघायचं, संध्याकाळी पोचायचं, रात्री पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, पडवीत आणि आतल्या खोलीत झोपायचं, सकाळी नाश्ता करून नसरापूरमार्गे परत. माणशी सातशे रुपये. इथे फरक पडला. नाश्त्याला येणारे पंधरा जण सगळे मिळून हजाराच्या आत देतात, मुक्कामाचे दहा जण सात हजार देतात, आणि पाणी, संडास, गर्दी यांचा ताण उलट कमी. शिवाय रात्री बोलणं होतं. तिथेच तांदळाचा विषय निघाला. सायकलवर पाच किलो तांदूळ कोण नेणार, म्हणून आधी कुणी विकतच घेत नव्हतं. आता सुगीनंतर ग्रुपवर ऑर्डर घेतो, त्यांच्या मुलाच्या ओळखीचा टेम्पो तसाही पुण्याला येतो, त्यात पोती टाकतात आणि आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमधून वाटून घेतो. दोन वर्षांत सायकलच्या नाश्त्यापेक्षा तांदळाचे पैसे जास्त झाले.

तरी हे फुगवून सांगायचं नाहीये. मेमध्ये ऊन असतं, कुणी जात नाही, लावणीत आम्ही जात नाही, पावसाने एखादा रविवार बुडतो. वर्षातले आठ महिने धरा. यावर घर चालत नाही, मुलगा अजून शिरवळलाच जातो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, त्याची माहिती आम्ही त्याला काढून दिली, पण त्याचं म्हणणं पडलं की नोंदणी केली की बोर्ड लागेल आणि बोर्ड लागला की गाड्या येतील, आईला ते झेपणार नाही. त्याचं घर, त्याचा निर्णय.

आणि गाड्या येणारच आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची, चारशेच्या वर किलोमीटरची शर्यत जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवरून गेली आणि ती बघून किती लोकांनी सायकली बाहेर काढल्या ते आपण बघतोच आहोत. मला ती शर्यत फार आवडली, रस्त्याकडेला उभं राहून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. फक्त शर्यतीचे रायडर अंगणात थांबत नाहीत, आपण थांबतो, त्यामुळे नव्याने येणाऱ्या ग्रुपने घाटाचा ग्रेडियंट विचारला की मी सोबत हेही सांगते की कुणाकडे खाणार आहात, त्यांना आधी सांगितलंय का, पैसे दिलेत का.

सध्या आमच्याकडे एक नवीन प्रश्न आलाय. पंधराच्या वर झाले की पलीकडच्या घरी जायचं ठरलं होतं, ते घर मावशींच्या जावेचं. जाऊबाईंनी गेल्या महिन्यापासून नाश्ता दहा रुपये कमीत द्यायला सुरुवात केली आणि ग्रुपमधले काही जण तिकडे नाव द्यायला लागले. मावशी काही बोलल्या नाहीत, पण फोनवर पुन्हा ती क्षणभराची शांतता आली आणि यावेळी मला कळली. येत्या तिसऱ्या रविवारी दोघींसमोर बसून एकच दर ठरवायचा आहे आणि कोणाकडे जायचं ते आळीपाळीने लावायचं आहे. त्यासाठी आम्ही तिघीच जाणार आहोत, नाश्ता मावशींकडे सांगितलाय आणि चहा जाऊबाईंकडे.